धाकट्याला बंद करा

ऑफिसात त्याला सगळे कुलूपराव म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतंच, पण ते हजेरीपटापुरतं उरलं होतं. काळ होता कॉम्प्युटर कपाटाएवढे असण्याचा. माणसं घामानं निथळत का असेनात, कॉम्प्युटरची खोली थंडगार हवी, धूळ नको, चपला बाहेर. जावयाची ठेवावी तशी त्यांची बडदास्त असायची. कुलूपरावाची कंपनी असे कॉम्प्युटर बनवायची, आणि त्यांच्या आत बसून सगळा कारभार हाकणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती लिहिणाऱ्या खात्यात तो होता. अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. एक वाक्य तोंडातून काढायच्या आधी चार वाक्यं मनात खोडायची, असा खाक्या.

आधी एका कॉम्प्युटरला एकच प्रोसेसर असे. मग गिऱ्हाइकांची कामं वाढली आणि कंपनीनं एकाच कॉम्प्युटरला दोन जोडले. दोन कपाटं, शेजारी शेजारी. लोकांनी लगेच बारसं उरकून टाकलं: एक थोरला, एक धाकटा. सुरुवातीला सगळ्या किल्ल्या थोरल्याच्या कमरेला. धाकट्यानं आपली बेरीज-वजाबाकी करायची. डिस्कवरचं काही वाचायचं असलं, प्रिंटरला काही पाठवायचं असलं, की थोरल्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. थोरला कामात असला की धाकटा बसला ताटकळत. गिऱ्हाइकं बोंब मारायला लागली, की दोघांचे पैसे मोजले आणि काम सव्वाचं मिळालं. तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं, दोघांना सारखे हक्क द्या. जो रिकामा असेल तो पुढचं काम उचलेल. साहेबांना म्हणायला काय जातंय!

कारण घोडं पेंड खात होतं ते असं. एकटा राहणारा माणूस बाथरूमची कडी कशाला लावेल? फार तर मध्येच फोन वाजू नये म्हणून रिसीव्हर काढून ठेवेल. जुने प्रोग्रामर नेमकं तेच करत. नाजूक काम चालू असलं की प्रोसेसरला सांगून ठेवायचं, आता कोणी हाक मारली तरी ओ देऊ नकोस. एकटाच प्रोसेसर, तेवढ्यानं भागायचं. पण घरात दुसरा भाडेकरू आला, की रिसीव्हर काढून ठेवून काय उपयोग? तो दार ढकलून सरळ आत येणार. तिथे कडीच हवी.

त्या कड्या लावायचं काम आमच्या माणसाकडे होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओळीन् ओळी चाळायच्या, जिथे जिथे नुसता रिसीव्हर काढून ठेवलाय तिथे तिथे खरं कुलूप घालायचं. वर्षानुवर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. घरून निघताना तो दाराचं कुलूप ओढून बघायचा, जिना उतरून पुन्हा वर येऊन ओढून बघायचा. बायको म्हणायची, "एकदा मलाही ओढून बघा, आहे का जागेवर." तो हसायचा, आणि पुन्हा एकदा कुलूप ओढायचा.

पण कंपनीची कुलपं कंपनीच्या दारांना. गिऱ्हाइकांनी स्वतः लिहून ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसवलेले जे बारीक तुकडे होते, त्यांचं काय? ते सगळे जुन्या एकट्या प्रोसेसरच्या काळातले, सगळ्यांचा भरवसा त्या काढून ठेवलेल्या रिसीव्हरवर. कुलूपरावानं माहितीपुस्तकात एक ओळ घातली, की दोन प्रोसेसरवर नेण्याआधी असले तुकडे तपासून घ्या. साहेबांनी ती ओळ वाचली आणि खोडली. "आपण छापलंय की जुनं सगळं जसंच्या तसं चालेल. हे वाचून कोण घेईल?" आमचा माणूस मूग गिळून बसला. त्याच्या मते त्यानं सांगायचं ते सांगितलं होतं.

आणि खात्यात एक रीतच पडून गेली होती. हा दोष फार लबाड. दोघं नेमके एकाच क्षणी एकाच दाराशी आले तरच घोटाळा. एरवी महिनोन्‌महिने सगळं आलबेल. गिऱ्हाइकाचा फोन यायचा, काहीतरी विचित्र झालं. तपासायला जावं तर काहीच नाही. म्हणून पहिला उपाय ठरलेला: धाकट्याला बंद करा. धाकटा बंद झाला की घोटाळा थांबायचा, गिऱ्हाईक गप्प व्हायचं, आणि तक्रारीवर शेरा पडायचा, दोष दिसला नाही. न दिसलेल्या दोषाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, हा त्या खात्याचा धर्म होता. कुलूपरावानं तो मनोभावे पाळला, आणि त्याची किंमत त्याच्या थोरल्या बहिणीनं भरली.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. बुटाची नाडी बांधायला, पेन्सिलीला टोक काढायला तिनं शिकवलं. ताईचा हात म्हणजे हात होता. सुई पहिल्या फटक्यात ओवणार, दूध कधी उतू जाऊ देणार नाही, कागद दुमडला तर रेष पट्टीनं आखल्यासारखी. भावजी अकाली गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. ताई एका इस्पितळात रक्त-तपासणीच्या खिडकीवर नोकरीला लागली. काम असं: पेशंटचं नाव टर्मिनलवर टाइप करायचं, कॉम्प्युटर पुढचा नंबर देणार, प्रिंटरमधून नंबराचं लेबल निघणार, ते रक्ताच्या नळीवर आणि पेशंटच्या कागदावर चिकटवायचं. तिनं चिकटवलेलं लेबल कधी तिरकं नसायचं. इस्पितळात कॉम्प्युटर आला तो भावाच्याच कंपनीचा. "दिवसभर तुझ्याच मशीनच्या नादी लागलेली असते मी," ती कौतुकानं म्हणायची. पुढे इस्पितळानं धाकटाही बसवून घेतला, तेव्हा तिनं मुद्दाम फोन करून सांगितलं की आता नंबर कसा पटापट येतो.

नंबर देणारा तो बारकासा तुकडा इस्पितळाच्याच कुणीतरी पूर्वी लिहिलेला होता. शेवटचा नंबर वाचायचा, एक मिळवायचा, परत लिहून ठेवायचा. कडी नाही. नुसता रिसीव्हर काढून ठेवलेला.

त्या दिवशी खिडक्या दोन आणि ताई एकटी. शेजारची बाई रजेवर. रांग जिन्यापर्यंत गेलेली. ताईनं फिरती खुर्ची मध्ये घेतली. एका टर्मिनलवर नाव टाइप करून कळ दाबायची, उत्तर येईपर्यंत गर्रकन वळून दुसऱ्यावर दुसरं नाव. हाताला सवय होती, चुकणार नव्हता, चुकलाही नाही. रांगेत एक गवंडी होता, परांचीवरून पडून पाय मोडलेला, चाकाच्या खुर्चीत. आणि दुसऱ्या खिडकीशी एक शाळामास्तर. दोघांची नावं गेली, दोघांची लेबलं आली, नळ्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूपरावाच्या टेबलावरचा फोन वाजला. इस्पितळाच्या मशीन रूमचा सुपरवायझर. "अहो, काल एकच नंबर दोन नळ्यांवर आलेला दिसतोय. काय करायचं?"

कुलूपरावाच्या एका हातात चहा होता. "धाकट्याला बंद करा," तो म्हणाला, "आणि बघा पुन्हा येतं का."

"एवढंच?"

"एवढंच."

कोणाचा नंबर, कसल्या नळ्या, पुढे काय झालं, काही विचारलं नाही. तसं विचारायची रीत नव्हती. चहा गार व्हायच्या आत त्यानं पुढची तक्रार उघडली होती.

संध्याकाळी घरी आला तर ताई स्वयंपाकघरात बसलेली. खांद्याची पर्सही काढली नव्हती. भाची तिच्या शेजारी, दप्तर मांडीवर घेऊन. गवंड्याला ऑपरेशनच्या वेळी रक्त दिलं ते मास्तरांच्या गटाचं. त्याच्या कागदावर जो नंबर होता, त्या नंबराखाली कॉम्प्युटरमध्ये मास्तरांची नोंद होती. रात्र उलटायच्या आत गवंडी गेला.

"माणूस मेला रे," ताई म्हणाली. "आणि म्हणतात मी त्याचं नाव टाइपच केलं नाही. कॉम्प्युटरात त्याचं नावच नाही म्हणे. मी टाइप केलंय. त्याला दोनदा विचारून केलंय, त्याला दुखण्यानं धड बोलता येत नव्हतं."

"मग लेबल कुठून आलं म्हणतात?"

"लेबलाची दुसरी प्रत काढायची कळ असते ना, ती मी दाबली म्हणे. मास्तरांच्या लेबलाची प्रत काढली आणि गवंड्याच्या नळीला लावली." ती थांबली. "पण दोन्ही प्रिंटर एकदम वाजले होते. मला चांगलं आठवतंय. एरवी एक वाजतो, मग दुसरा. त्या वेळी दोन्ही एकदम. मी दचकले होते."

प्रत काढली तर ती त्याच प्रिंटरवर निघते, एकामागून एक. दोन प्रिंटर एकदम वाजले याचा अर्थ जगात दुसऱ्या कोणाला कळो न कळो, कुलूपरावाला कळला होता. थोरला आणि धाकटा एकाच क्षणी त्या दाराशी आले, दोघांनी तोच नंबर वाचला, दोघांनी तोच लिहिला. आणि मास्तरांची नोंद गवंड्याच्या नोंदीवर जाऊन बसली. सकाळी आपण फोनवर काय बोललो, तेही त्याला त्याच क्षणी आठवलं.

"बघतो मी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुपरवायझरला फोन लावला. "धाकट्याला चालू करा. मला तपासायचंय."

"आता नाही हलवता येणार साहेब. चौकशी पुरी होईपर्यंत जे जसं आहे ते तसंच ठेवायचं, वरून हुकूम आहे. तुम्हीच सांगितलं म्हणून बंद केलाय, आता बंद तो बंद."

सुपरवायझरचा काय दोष? त्यानं ऐकलेलं पाळलं.

चौकशीला कंपनीनं जाणकार माणूस म्हणून कुलूपरावालाच पाठवलं. तो खिडकीवरच्या बाईचा भाऊ आहे, हे कंपनीत कोणाला माहीत नव्हतं. लग्नानंतर ताईचं आडनाव वेगळं, आणि हा स्वतः होऊन बोलतो कशाला? बोललो तर दुसऱ्याला पाठवतील, मग ताईकडून कोण उभं राहणार, असा त्याचा हिशेब. निघताना साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "जे आपल्याला दिसलंय तेवढंच बोलायचं. कंपनीच्या वतीनं जातोयस."

इस्पितळाच्या एका लांबट खोलीत टेबलं जोडून समिती बसली होती. मध्यभागी अधीक्षक, डॉक्टर माणूस, सभ्य, दमलेला. ताई भिंतीशी खुर्चीवर, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. भाऊ आत आला तसा तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. तिला वाटलं, आता झालं. आपला माणूस आला.

समितीनं आधीच चाचणी घेतली होती. दोन्ही खिडक्यांवर माणसं बसवून दिवसभर लेबलं काढली. एकही नंबर दोनदा आला नाही. येणार कुठून? धाकटा बंद होता. खोलीत ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. सुपरवायझरला तिचा अर्थ माहीत नव्हता, आणि दुसरा होता कुलूपराव.

अधीक्षकांनी विचारलं, "या यंत्रातून एकच नंबर दोनदा निघू शकतो का?"

आता ऐका. त्याच्या मनात सगळं तयार होतं. दोन प्रोसेसर चालू असले तर निघू शकतो. तुमचा तो नंबर देणारा तुकडा एकट्या प्रोसेसरसाठी लिहिलाय. तुमची चाचणी एकट्या थोरल्यावर झाली. धाकटा मीच बंद करवला. त्या बाईंनी दोन प्रिंटर एकदम वाजलेले ऐकलेत, ते खरं माना. पाच वाक्यं. पण दोष त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता. दाखवा म्हणाले तर काय दाखवणार? आधी ऑफिसात जाऊन दोष पकडू, हातात पुरावा घेऊ, मग बोलू. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. त्यानं एकेक वाक्य मनातल्या मनात खोडलं आणि जे निखालस खरं होतं तेवढंच ठेवलं.

"आत्ता जसं चालतंय तसं, नाही," तो म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नीट ऐकू आलं नाही की माणूस बघतो, तसं.

मग समिती तिच्याकडे वळली. सगळे अगदी सौम्यपणे बोलत होते, त्यामुळे ते जास्तच वाईट होतं. गर्दी होती, तुम्ही एकट्या होतात, कोणाच्याही हातून झालं असतं, जरा आठवून बघा, ती कळ दाबली गेली असेल? ती नाही म्हणाली. पुन्हा विचारलं. ती दोन प्रिंटरचं बोलली. कोणी मान वर केली नाही. भावानं टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासावरची नजर हलवली नाही. पुन्हा विचारलं. आणि शेवटी ती म्हणाली, "असेल. मशीन चुकत नाही म्हणताय, तर असेल."

खापर फुटलं, समिती उठली. ताईला खिडकीवरून काढून कपड्यांच्या खोलीत टाकलं, चादरी मोजायला. गवंड्याच्या बायकोनं तिला एकदा जिन्यात गाठलं, नुसती समोर उभी राहिली. त्यानंतर ताईची मोजदाद पुरी होईना. गठ्ठा मोजायची, बांधायची, सोडायची, पुन्हा मोजायची. खालच्या मजल्यावर चादरींसाठी माणसं खोळंबून राहायला लागली. शेवटी तीच नोकरी सोडून घरी बसली.

चार दिवसांत दोष पकडणार होता ना? आता कुलूपरावाची फरपट सांगतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी ऑफिस रिकामं असे, तेव्हा तो चाचणीच्या खोलीत जाऊन बसे. इस्पितळाचा तो तुकडा चढवला, दोन्ही प्रोसेसर चालू केले, आणि कोण केव्हा आत शिरतो ते पाहायला तुकड्यात जागोजागी पहारेकरी बसवले, म्हणजे प्रत्येक पावलाला पडद्यावर एक ओळ लिहायला लावली. काही सापडलं नाही. पहारे वाढवले. तरी नाही. महिने गेले, वर्षं गेली. साहेब म्हणाले, कशाच्या मागे लागलायस? तो म्हणाला, जुनी तक्रार आहे.

दर भेटीत त्याला ताई आणखी आक्रसलेली दिसे. ती कोणाला हातानं काही देईनाशी झाली होती. पोळ्या लाटायची, पण पानात वाढायची नाही. औषधाची बाटली भाचीनं स्वतः वाचायची, झाकणात स्वतः ओतायचं. ताप असला तरी. एकदा पाहुण्या बाईनं तान्हं मूल तिच्याकडे द्यायला पुढे केलं, तर ताई दोन्ही हात पाठीमागे धरून भिंतीला टेकली. भावाकडे तक्रार म्हणून एक शब्द नाही. उलट त्यालाच विचारायची, "बारीक झालास रे. काम फार आहे का?" तो हो म्हणायचा आणि लवकर उठायचा. बहिणीसमोर बसवत नव्हतं. तोंडाशी आलेलं तो तिथेही खोडायचा, अजून हातात काही नाही म्हणून.

मग एका दुपारी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावर ओळ लिहायला दोघांनाही ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारातून जावं लागत होतं, आणि त्या दाराला त्यानंच पूर्वी भक्कम कुलूप घातलं होतं. म्हणजे त्याच्या पहाऱ्यामुळेच दोघं शहाण्यासारखे रांगेत उभे राहत होते. तो बघत होता म्हणून ते दिसत नव्हतं. त्यानं सगळे पहारेकरी काढून टाकले. दोन प्रिंटर जोडले, यंत्र सुरू केलं आणि नुसता कान देऊन बसला. एक वाजायचा, मग दुसरा. एक, मग दुसरा. दुपार कलली तशी त्याला पेंग यायला लागली, आणि एकदम दोन्ही प्रिंटर वाजले. तो दचकला. उठून दोन्ही लेबलं फाडून घेतली, खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरली. एकच नंबर. तो खाली जमिनीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. ताईनं जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर तसंच होतं.

कडी लावायला दोन ओळी पुरल्या.

पुरावा घेऊन हा आधी कुठे गेला? साहेबांकडे. खोड ती खोड. साहेबांनी लेबलं उलटसुलट करून पाहिली. "तो तुकडा इस्पितळाचा आहे, आपला नाही. नव्या आवृत्तीत तुझी कडी घालून पाठवून देऊ, किरकोळ सुधारणा म्हणून. जुनं उकरून कोणाचं भलं होणार?" मग आयुष्यात पहिल्यांदा कुलूपराव न खोडता वाक्य बोलला. "ती माझी बहीण आहे." साहेब लेबलं परत त्याच्याकडे सरकवत म्हणाले, तुला जायचं तर जा, पण कंपनीचा माणूस म्हणून जाऊ नकोस. तो राजीनामा देऊनच इस्पितळात गेला.

अधीक्षक तेच होते, केस पांढरे झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधला फोनचा भागही. बाकी माणूस भला. "तुम्ही त्या दिवशी बोलायला हवं होतं," एवढंच म्हणाले, आणि मग, "यंत्राकडून होऊ शकतं हे तुम्ही दाखवलंत. त्या दिवशी यंत्राकडूनच झालं, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. त्या बाईंनी स्वतः असेल म्हटलंय. त्यांनी एकदा येऊन माझ्यासमोर सांगावं, मी ती कळ दाबली नव्हती. मी निकाल फिरवतो. गवंड्याच्या घरीही मीच जाऊन सांगतो."

एक वाक्य. जे ती पहिल्या दिवशी छातीठोक सांगत होती. कुलूपराव तिथून जवळजवळ धावतच निघाला.

दार भाचीनं उघडलं. दप्तर सांभाळणारी पोर आता कामाला जाणारी बाई झाली होती. घरातला सगळा व्यवहार तिच्या हातून चालायचा. ताई खिडकीशी बसली होती, हात मांडीवर एकमेकांत गुंतवून. त्यानं तिच्यासमोर स्टुलावर दोन्ही लेबलं ठेवली.

"ताई, तुझं काही चुकलं नव्हतं. हे बघ. मशीननं एकच नंबर दोनदा दिला. मी स्वतः काढलीत ही."

ताई वाकली. एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलं, एक लेबल, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. "सारखेच वाटतायत," ती म्हणाली. मग भाचीकडे वळली. "तू बघ गं. मला दिसतं म्हणून काय खरं?"

"सारखेच आहेत, आई," भाची म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"आता फक्त एकदा माझ्याबरोबर चल," कुलूपराव म्हणाला. "अधीक्षकांना सांग, मी ती कळ दाबली नव्हती. बस. सगळं पुसलं जाईल."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला लावल्याचा आवाज झाला.

"तसं कसं सांगू?" ती म्हणाली. "दाबली होती ना मी."

"नाही, ताई."

"मला आठवतंय रे. उजवीकडची कळ. बोटाखाली जरा अडकली, मग खाली गेली. रोज आठवतं. खोटं कसं सांगू मी? माणूस मेलाय त्यात."

"तूच सांगितलं होतंस! दोन्ही प्रिंटर एकदम वाजले म्हणून. माझ्या स्वयंपाकघरात बसून. आठव. तू दचकली होतीस."

ती खरंच आठवायला लागली. कपाळाला आठ्या घालून, शाळेतल्या मुलीसारखी, मनापासून. मग मान हलवली. "असं म्हणाले होते मी? मला नाही आठवत."

कुलूपराव भाचीकडे वळला. "तू होतीस ना तिथे? तू ऐकलं होतंस."

भाची त्याच्याकडे बघत होती. "हो, मामा. मी ऐकलं होतं." मग सावकाश म्हणाली, "आणि त्याचा अर्थ तुला तेव्हाच कळला होता?"

चार वाक्यं त्याच्या मनात आली. पुरावा नव्हता, दोष दिसला नव्हता, साहेबांनी बजावलं होतं, चार दिवसांत पकडतो असं वाटलं होतं. सगळी खोडली.

"हो," तो म्हणाला.

"चौकशीच्या आधी?"

"आधी."

भाचीच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. ताईनं मात्र लगबगीनं खुर्ची पुढे ओढली, भावाच्या चेहऱ्याजवळ वाकून पाहिलं, लहानपणी पडला-बिडला की बघायची तसं. तिचा हात त्याच्या गालापर्यंत आला, आणि तिथेच थांबून मागे गेला.

"त्याला नको गं काही बोलूस," ती मुलीला म्हणाली. "तो काय करणार होता? माझ्याच हातून झालं ते. बघ कसा झालाय, किती दिवस जेवला नसेल. चहा टाकलाय मी, उकळला असेल." ती उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. "पण तूच ओत, आणि तूच दे त्याला. माझ्या हातून नको."